एच.आय.व्ही.चे उपचार आणि मुलांची वाढ : वजनकाट्यापलीकडचा प्रश्न

गेल्या उन्हाळ्यात तालुक्याच्या गावी एक कार्यकर्ता शिबिर भरले होते. त्यात आरोग्यावरचे एक सत्र माझ्याकडे होते. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. पण शरीराचे व्यवहार साध्या भाषेत सांगणे हा माझा रोजचा धंदा आहे. सत्र संपल्यावर एक कार्यकर्ती जवळ येऊन बसली. तिच्या वस्तीत आजीजवळ राहणारा अकरा वर्षांचा एक मुलगा आहे. आईबाप दोघेही गेलेले. तीन वर्षांपूर्वी मुलालाही एच.आय.व्ही. असल्याचे कळले आणि सरकारी ए.आर.टी. केंद्रातून गोळ्या सुरू झाल्या. ती म्हणाली, "बाई, पोरगं पार काडी झालं होतं. गोळ्या लागू पडल्या, अंग धरलं, गाल वर आले. आजी म्हणते, नातू बरा झाला, आता दवाखान्याच्या खेपा कशाला? पण शाळेत तो अजून दुसरीतल्या पोराएवढाच दिसतो. मग तो बरा झाला की नाही झाला?"

मी तेव्हा तिला घाईत जे उत्तर दिले ते अपुरे होते. या लेखात ते पुरे करण्याचा प्रयत्न आहे. हा प्रश्न एकट्या त्या मुलाचा नाही. २०२१ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशात एच.आय.व्ही.सह जगणारी माणसे सुमारे २४ लाख होती आणि त्यांपैकी जवळजवळ ३.९४ लाख, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक, महाराष्ट्रात होती. यांतली जी मुले आहेत त्यांच्याविषयी आपण बोलतो ते मुख्यतः दयेच्या किंवा भीतीच्या भाषेत. त्यांची वाढ कशी होते, गोळ्या सुरू झाल्यावर शरीरात काय घडते, याची माहिती वस्तीत काम करणाऱ्यापर्यंत क्वचितच पोहोचते. आणि ती पोहोचत नाही म्हणूनच "बरा झाला" या दोन शब्दांवर मुलाचा उपचार थांबण्याची वेळ येते.

मोजमाप कशाचे?

प्रथम वाढ म्हणजे काय ते पाहू. जन्मतः मूल साधारण ५० सेंटिमीटर लांब असते. पहिल्या वर्षात ते सुमारे २५ सेंटिमीटर वाढते, दुसऱ्या वर्षात सुमारे १२, आणि नंतर वयात येईपर्यंत दरवर्षी पाच-सहा सेंटिमीटर. वयात येताना पुन्हा एक उसळी येते आणि मग हाडांच्या टोकांशी असलेली वाढीची कूर्चा हाडात मिसळून जाते. ती मिसळली की उंचीचा हिशेब कायमचा बंद होतो. वजनाचे तसे नाही. वजन आयुष्यभर कमी-जास्त होऊ शकते. म्हणून वजन हे मुलाचे आजचे हाल सांगते, तर उंची त्याच्या आजवरच्या सगळ्या दिवसांचा हिशेब सांगते. वयाच्या मानाने उंची फार कमी असेल तर त्याला खुरटणे म्हणतात आणि उंचीच्या मानाने वजन फार कमी असेल तर रोडावणे. ही दोन दुखणी वेगळी आहेत, आणि एकाचे औषध दुसऱ्याला पुरतेच असे नाही.

शरीराच्या मोजमापाचा इतिहास आपल्या लोकांना परका नाही. इंग्रजी अमदानीत हर्बर्ट रिस्ले या अधिकाऱ्याने माणसांची नाके मोजून जातींची वांशिक उतरंड लावण्याचा खटाटोप केला. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात शरीरमापनाचे आकडेच पुढे ठेवून अस्पृश्यतेला वंशाचा आधार नाही, हे दाखवून दिले. मोजपट्टी निर्जीव असते. तिच्यातून निघालेला आकडा जन्माच्या नावावर मांडायचा की परिस्थितीच्या, हा खरा वाद असतो.

मुलांच्या उंचीबाबत हाच वाद जागतिक आरोग्य संघटनेच्या एका अभ्यासाने बऱ्याच अंशी मिटवला आहे. १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील मुले मोजण्यात आली. भारतातील मुले दक्षिण दिल्लीतील होती. अट अशी, की घरची परिस्थिती वाढीच्या आड येणारी नसावी, आईने अंगावर पाजलेले असावे आणि ती धूम्रपान करणारी नसावी. निष्कर्ष असा निघाला की लहान मुलांच्या लांबीत जो फरक दिसतो त्यातला देशादेशांमुळे पडणारा वाटा जेमतेम ३ टक्के आहे. दिल्लीतले सुस्थितीतले मूल आणि ऑस्लोतले मूल पहिली पाच वर्षे जवळजवळ सारखेच वाढते. २००६ पासून वापरात आलेले वाढीचे तक्ते याच अभ्यासावर उभे आहेत आणि आपल्या अंगणवाडीतला तक्ताही त्यांवरूनच घेतलेला आहे.

याचा अर्थ आपण नीट लावला पाहिजे. घराघरांत, माणसामाणसांत उंचीचा फरक असतोच. परंतु एखाद्या संपूर्ण समाजाची मुले खुरटलेली असतील तर "आमची हाडेच तशी" हे उत्तर चालत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ साली देशात पाच वर्षांखालील अनुसूचित जातींची सुमारे ४३ टक्के आणि अनुसूचित जमातींची सुमारे ४४ टक्के मुले खुरटलेली होती. या दोन्हींत आणि इतर मागासवर्गांत न मोडणाऱ्या घरांत हे प्रमाण सुमारे ३१ टक्के होते. पुढच्या म्हणजे २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले खुरटलेली आढळली. ज्या वस्तीत तीन-चार मुलांमागे एक मूल आधीच बुटके असते, त्या वस्तीत एच.आय.व्ही.मुळे खुरटलेले मूल कुणाच्या डोळ्यांत येत नाही. बाकीच्यांसारखेच तेही "बारके" समजले जाते. आजार तिथेच लपतो आणि उशीर तिथूनच सुरू होतो.

विषाणू वाढ कशी रोखतो

एच.आय.व्ही. शरीराच्या संरक्षक पेशींना गाठतो, हे आपण ऐकलेले असते. या पेशींचा फार मोठा साठा आतड्याच्या अस्तरात असतो, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. विषाणू तिथे लवकर पोहोचतो. अस्तर दुबळे होते, अन्नरस नीट शोषला जात नाही, जंतूंचे अंश रक्तात झिरपतात आणि शरीर सतत झुंजत राहते. त्या झुंजीत जी रसायने सुटतात ती भूक मारतात आणि हाडांना वाढण्याचा निरोप देणारे, यकृतात तयार होणारे रसायन कमी करतात. त्यात तोंडातल्या बुरशीमुळे घास गिळवत नाही, जुलाब होतात, क्षयाची लागण होते. आपल्याकडच्या आयाबाया म्हणतात, "खाल्लेलं अंगी लागत नाही." या आजारात ते अक्षरशः खरे असते.

खर्चाची बाजूही आहेच. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली घेतलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत असे ठरले की एच.आय.व्ही. असलेल्या पण लक्षणे नसलेल्या मुलाला इतर मुलांपेक्षा १० टक्के अधिक उष्मांक लागतात, आणि ज्याचे वजन घटते आहे अशा मुलाला ५० ते १०० टक्के अधिक. म्हणजे ज्या घरात एका मुलाच्या ताटाची भ्रांत आहे, त्याच घराने या मुलाला दीड ते दोन ताटे द्यायची. हे गणित औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

गोळ्या सुरू झाल्यावर

उपचार न मिळालेल्या बाधित बाळांपैकी जवळजवळ निम्मी दुसरा वाढदिवस पाहत नाहीत. तरीही बाळांना औषध केव्हा सुरू करावे याबद्दल बराच काळ एकमत नव्हते. लक्षणे दिसेपर्यंत किंवा रक्तातील पेशी घटेपर्यंत थांबावे, अशी रीत होती. दक्षिण आफ्रिकेत सोवेटो आणि केपटाऊन येथे झालेल्या एका चाचणीने ही रीत मोडली. ६ ते १२ आठवड्यांच्या ३७७ बाळांपैकी काहींना लगेच औषध दिले आणि काहींना प्रचलित पद्धतीप्रमाणे थांबवून दिले. २००८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : थांबवलेल्या बाळांपैकी १६ टक्के दगावली, लगेच औषध मिळालेल्यांपैकी ४ टक्के. त्यानंतर बाळांना ताबडतोब उपचार देण्याची शिफारस झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने ती सर्व वयांना लागू झाली. भारतात मोफत ए.आर.टी. १ एप्रिल २००४ पासून आणि मुलांसाठीचा वेगळा कार्यक्रम २००६ च्या अखेरीपासून सुरू झाला. निदान होताच उपचार हे धोरण २०१७ मध्ये आले.

लवकर उपचाराचा लाभ केवळ जीव वाचण्यापुरता नसतो. गोळ्या विषाणूला मारून टाकीत नाहीत, त्याला वाढू देत नाहीत. विषाणू दबला की आतडे सावरते, भूक परतते आणि वजन पहिल्या सहा महिन्यांत ते वर्षभरात झपाट्याने वाढते. उंची मागाहून, सावकाश, वर्षानुवर्षे भरून निघते. आणि ती किती भरून निघेल हे मुख्यतः उपचार कोणत्या वयात सुरू झाला यावर ठरते. दोन-तीन वर्षांच्या आत गोळ्या मिळालेले मूल पुष्कळदा सोबत्यांच्या जवळ पोहोचते. आठव्या-दहाव्या वर्षी सुरुवात झालेले मूल वजनाने सावरते, उंचीने मागे राहते. शेतीचा अनुभव असणाऱ्यांना हे सांगायला नको. ज्वारी पोटरीत असताना पाणी मिळाले नाही आणि नंतर पाऊस पडला, तर ताट हिरवे होते, पण कणीस पुरते भरत नाही.

तेव्हा त्या मुलाचे गाल वर आले आणि उंची मात्र दुसरीतल्या मुलाएवढी राहिली, यात विसंगती नाही. गाल गेल्या तीन वर्षांचे आहेत. उंचीत त्याआधीची आठ वर्षे आहेत. त्या आठ वर्षांत बाळाची तपासणी कुणी सुचवली नाही, आजारी आईला कुणी विचारले नाही, अंगणवाडीच्या तक्त्यावर खाली जाणारी रेघ कुणी वाचली नाही. बाधित आईच्या बाळाची तपासणी सहाव्या आठवड्यात टाचेच्या रक्ताच्या थेंबांवरून करता येते. नेहमीची तपासणी मात्र दीड वर्षापर्यंत उपयोगाची नसते, कारण आईची प्रतिद्रव्ये तोवर बाळाच्या रक्तात असू शकतात. म्हणून "मोठा झाल्यावर बघू" हा सल्ला या आजारात घातक ठरतो.

वजनाबाबत आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. युगांडा आणि झिंबाब्वे येथे २००७ ते २०१२ या काळात सुमारे १२०० मुलांवर एक मोठी चाचणी झाली. वारंवार रक्ततपासणी करणाऱ्या महागड्या प्रयोगशाळा नसल्या तरी प्रशिक्षित परिचारिका आणि डॉक्टर यांच्या देखरेखीखाली मुलांना औषध सुरक्षितपणे देता येते, हे तिने सिद्ध केले. दोन्ही गटांतील ९० टक्क्यांहून अधिक मुले पाच वर्षांनंतर जिवंत होती. पण याच चाचणीत असेही दिसले की आधीच फार रोडावलेली काही मुले गोळ्या सुरू झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांतच तीव्र कुपोषणाने रुग्णालयात दाखल झाली आणि त्यांतल्या काहींच्या अंगावर सूज होती. सुजेने वजन वाढते. काटा खूश होतो, घरचे म्हणतात बाळसे धरले. म्हणून पायाच्या पंज्यावर अंगठ्याने काही क्षण दाबून पाहावे. दोन्ही पायांवर खळगा तसाच राहिला तर ते बाळसे नव्हे, सूज आहे, आणि मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवे.

औषधे, मेद आणि साखर

आता चयापचयाकडे वळू. खाल्लेल्या अन्नाचे शरीर काय करते, किती जाळते, किती मेद म्हणून साठवते, रक्तातील साखर कशी आवरते, या सगळ्या व्यवहाराला चयापचय म्हणतात. आजाराने तो बिघडतो; काही औषधांनीही बिघडतो.

सुरुवातीच्या काळात गरीब देशांतल्या उपचाराचा कणा स्टॅव्ह्युडिन हे औषध होते. ते स्वस्त होते आणि त्याने असंख्य जीव वाचवले. परंतु पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांना ते इजा करते. वर्षा-दोन वर्षांत काहींच्या गालांवरचा, दंडांवरचा, मांड्यांवरचा मेद झिजे, शिरा वर येत आणि पोट मात्र सुटे. आजार लपवून जगणाऱ्याचा चेहराच त्याची ओळख सांगू लागे. वयात येणाऱ्या मुलामुलींना हे किती जाचले असेल याची कल्पना करावी. धनिक देशांनी हे औषध आधीच बाजूला सारले होते. जागतिक आरोग्य संघटनेने ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा सल्ला २००९ साली दिला. एकाच विषाणूवर एकाच काळात श्रीमंताला एक औषध आणि गरिबाला दुसरे, हा भेद विज्ञानाने केलेला नव्हता.

किमतीच्या लढ्यात मात्र आपल्या मुंबईचा एक वाटा आहे आणि तो न्यायाने नोंदवला पाहिजे. जी तिहेरी औषधे पाश्चात्त्य कंपन्या माणशी वर्षाला १०,००० डॉलरच्या पुढे विकत होत्या, ती सिप्ला या मुंबईच्या कंपनीने फेब्रुवारी २००१ मध्ये ३५० डॉलरला देऊ केली. मुलांसाठी तर वेगळ्या गोळ्याच नव्हत्या. मोठ्यांच्या गोळ्या मोडून, अंदाजाने तुकडे करून दिल्या जात. पुढे याच कंपनीच्या लहान मुलांसाठी बनवलेल्या तिहेरी गोळ्यांची झांबियात चाचणी झाली आणि त्या उपयोगी ठरल्या.

पुढच्या औषधांचेही आपापले गुणदोष आहेत. लोपिनॅव्हिर आणि रिटोनॅव्हिर ही जोडी बाळांच्या उपचारात फार मोलाची ठरली, पण तिने रक्तातील मेद वाढतो. झिडोव्ह्युडिनने काहींना पंडुरोग होतो. टेनोफोव्हिरच्या एका जुन्या प्रकाराने हाडांची घनता थोडी कमी होते. अलीकडच्या डोल्युटेग्रॅव्हिर या औषधाने चित्र पुष्कळ सुधारले आहे. युगांडा, झिंबाब्वे, दक्षिण आफ्रिका, थायलंड आणि युरोप येथील ७०७ मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. या औषधावरील १४ टक्के मुलांत उपचार अपयशी ठरला, तर जुन्या औषधांवरील २२ टक्के मुलांत. नव्या औषधावरील मुलांचे वजन आणि उंची दोन्ही किंचित अधिक वाढली आणि कोलेस्टेरॉल कमी राहिले. प्रौढांमध्ये, विशेषतः कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये, या औषधावर वजन जास्त वाढत असल्याचे दिसले आहे. म्हणून मुले मोठी होताना लक्ष ठेवावे लागेल. पण मूळ हिशेब औषधाच्याच बाजूने आहे. हा परिच्छेद वाचून कुणी कुणाच्या गोळ्या थांबवू नयेत. न दाबलेला विषाणू मुलाच्या शरीराचे जे नुकसान करतो, त्यापुढे हे दुष्परिणाम लहान आहेत, आणि त्रास वाटल्यास औषध बदलून मिळते.

या सगळ्यात आपल्याकडची एक खास अडचण आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील बाळे मोजून त्यांची इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली. २००३ साली ती प्रसिद्ध झाली. आपली बाळे सरासरी सुमारे २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पण त्वचेखालचा मेद त्या मानाने राखलेला होता. दिसायला रोड, आतून मेदाळ. आईच्या पोटात उपासमार सोसलेले शरीर स्नायूंवर काटकसर करते आणि मेद जपते; पुढे अशा शरीराला मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा धोका अधिक असतो. आता विचार करा. असे जन्मलेले मूल, त्याला जन्मापासून एच.आय.व्ही., आठ वर्षे खुरटलेले, मग गोळ्यांनी भूक परतते आणि घरात परवडते ते खाणे म्हणजे चहा-बिस्कीट, पाव, भात, रेशनचा गहू. वजन वाढते, पण त्यात स्नायू आणि हाडे कमी, मेद जास्त. काट्यावरचा आकडा समाधान देतो आणि तिशीत त्याच्या वाट्याला आणखी एक आजार येण्याची तयारी होते. आजची मुले गोळ्यांमुळे म्हातारी होईपर्यंत जगणार आहेत. म्हणूनच त्यांच्या साखरेचा, मेदाचा, हाडांचा विचार आज करणे ही चैन राहिलेली नाही.

ताटाचा प्रश्न

यावरून हे स्पष्ट व्हावे की गोळी मोफत झाली म्हणजे उपचार झाला असे होत नाही. डाळ, शेंगदाणे, अंडी, दूध, मांस, भाजी यांवाचून हाड वाढत नाही. आणि इथे आपण परत जुन्याच प्रश्नाशी येतो : कुणाच्या ताटात काय पडते आणि ते कोण ठरवते? आमच्या घरांतले स्वस्त मांस २०१५ च्या कायद्याने हद्दपार केले. गाईवरची बंदी बैलालाही लागू झाली. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे २०२३ मध्ये आले आणि २०२५ च्या जानेवारीत शासनाने त्यासाठीचा निधी थांबवला. निर्णय घेणाऱ्यांच्या घरी अंड्याला पर्याय असतील. आजीजवळ राहणाऱ्या त्या मुलाकडे ते नव्हते.

स्थलांतराचाही असाच फटका बसतो. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेले कुटुंब उन्हाळ्याच्या तोंडाला परतते. या काळात गोळ्यांची खेप चुकते, शाळेतले जेवण चुकते आणि मोजमापही चुकते. मोजमाप चुकण्याचा परिणाम वाटतो त्याहून मोठा आहे, कारण मुलांच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते. ६ ते १० किलो, १० ते १४, १४ ते २०, असे टप्पे असतात. मूल एका टप्प्यातून दुसऱ्यात गेले आणि मात्रा जुनीच राहिली, तर औषध अपुरे पडते, विषाणू डोके वर काढतो आणि त्याच औषधाला दाद देईनासा होतो. म्हणजे वाढणाऱ्या मुलालाच वाढीची शिक्षा होते. कुटुंब निघण्यापूर्वी केंद्रात कळवले तर अधिक दिवसांच्या गोळ्यांची किंवा जवळच्या दुसऱ्या केंद्राची सोय करता येते. हे सांगणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

वयात येणाऱ्या मुलांचा प्रश्न वेगळाच आहे. उशिरा उपचार मिळालेल्या मुलामुलींना वयात यायलाही उशीर होतो. वर्गातल्या मुलांना मिसरूड फुटते, मुलींना पाळी येते, आणि हे मूल लहानच दिसते. चेष्टा सुरू होते, शाळा नकोशी होते. पुष्कळांना आपण गोळ्या कशासाठी घेतो हेही घरच्यांनी सांगितलेले नसते. मग एक दिवस मूल गोळ्या फेकते. वाढ पुन्हा थांबणे किंवा वजन उतरणे हे पुष्कळदा याचे पहिले चिन्ह असते. अशा वेळी मुलाला रागावण्याआधी विषाणूभाराची तपासणी करून घ्यावी आणि त्याला विश्वासात घ्यावे. शिक्षक म्हणून मला हे सांगावेसे वाटते की मूल उशिराने का होईना वयात येते, आणि उशिरामुळे हाडांना वाढायला थोडा जास्त अवधीही मिळतो. हे त्याला कुणीतरी शांतपणे सांगितले पाहिजे.

कायद्याचा आधारही आहे. २०१७ साली संमत झालेला एच.आय.व्ही. व एड्सविषयक कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार शाळेत प्रवेश नाकारणे, वेगळे बसवणे हा गुन्ह्यासारखाच अन्याय आहे, आणि आजाराची गोष्ट संमतीवाचून उघड करता येत नाही. आईबाप नसलेल्या घरात बारा ते अठरा वर्षांचे समजूतदार मोठे भावंड लहान भावंडाचे पालक म्हणून उपचाराचे निर्णय घेऊ शकते, अशी तरतूदही त्यात आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि बालसंगोपन योजना यांतून अशा घरांना मदत मागता येते. या योजनांचे अर्ज भरून देणे हेही औषधोपचाराचेच अंग आहे असे मी मानते.

आता त्या कार्यकर्तीच्या प्रश्नाचे उत्तर. मुलगा बरा झालेला नाही, सावरला आहे. गोळ्या जन्मभर चालतील आणि चालल्या तर तो पुष्कळ जगेल. गाल वर आले ही चांगली खूण आहे, पण पुरेशी नाही. त्याची उंची दर तीन महिन्यांनी भिंतीशी उभे करून मोजावी, वजन दर खेपेला घ्यावे आणि दोन्ही एका वहीत तारखेनिशी लिहावे. वर्षात चार सेंटिमीटरही वाढत नसेल तर डॉक्टरांना ती वही दाखवून कारण विचारावे. मात्रा वजनाप्रमाणे बदलली का, हे विचारावे. वर्षातून एकदा साखर आणि मेद तपासून मिळतील का, हेही विचारावे. अकरा वर्षांच्या मुलाची हाडे अजून मिटलेली नाहीत. वयात येण्याची उसळी अजून बाकी आहे. त्याच्या पुढच्या चार-पाच वर्षांत ताटात काय पडते यावर बरेच अवलंबून आहे.

जे सेंटिमीटर गेले ते कदाचित परत मिळणार नाहीत. पण ती गेलेली उंची त्याच्या जन्माच्या किंवा जातीच्या खात्यावर कुणी मांडू नये. ती आपल्या सगळ्यांच्या उशिराच्या खात्यावर आहे, आणि वस्तीतल्या पुढच्या बाळाबाबत तो उशीर टाळणे आपल्या हाती आहे. शिबिरातून परतताना मी त्या कार्यकर्तीला शिवणकामाची मोजपट्टी आणि एक चाळीस पानी वही घेऊन दिली. तिने परवा निरोप पाठवला, वहीत तीन नोंदी झाल्या आहेत.